सवयी लावायच्या, तर सुरुवात रात्रीपासून करावी

माननीय संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

नवे वर्ष, गुढीपाडवा किंवा जागतिक आरोग्य दिन जवळ आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून निरोगी सवयींच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागतात. पहाटे पाचला उठावे, कोमट पाणी प्यावे, अर्धा तास व्यायाम करावा, थोडा वेळ ध्यान करावे, सावकाश न्याहारी करावी आणि प्रसन्न चित्ताने कामाला लागावे, असा त्यांचा साधारण क्रम असतो. यातले काहीही चुकीचे नाही. मात्र हा सल्ला ज्याला उद्देशून दिलेला असतो तो माणूस मुंबईत, निदान कर्जत-कसारा, विरार किंवा पनवेलच्या मार्गांवरून रोज ये-जा करणाऱ्यांत, मला फारसा भेटलेला नाही. रात्री साडेनऊला घरी पोहोचणारा, साडेदहाला जेवणारा, बारा-साडेबाराला निजणारा आणि सहाच्या गजराला उठून ठरलेल्या गाडीसाठी धावणारा माणूस उद्यापासून पाचला उठू लागला, तर त्याच्या दिनक्रमात व्यायामाची भर पडेल आणि झोपेतून तेवढाच वेळ वजा होईल. माझे म्हणणे असे आहे की या शहरात शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यासाठी सवयी लावायच्या असतील, तर त्यांचा आरंभ आदल्या रात्री करावा लागतो. आणि मुंबईतली रात्र ही कोणाच्याही एकट्याच्या हातातली गोष्ट नसल्यामुळे तो आरंभ घराने, इमारतीने आणि कामाच्या ठिकाणाने मिळून करावा लागतो.

‘लवकर निजे, लवकर उठे’ या म्हणीत निजणे आधी येते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो आणि उत्तरार्धाचाच आग्रह मुलांना, सुनांना आणि स्वतःलाही करत राहतो. शरीराचा हिशेब मात्र म्हणीच्याच क्रमाने चालतो. पेशींमध्ये चोवीस तासांचे जे अंतर्गत घड्याळ असते, त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या घड्याळानुसार संध्याकाळनंतर इन्सुलिनचा प्रभाव मंदावू लागतो, त्यामुळे दुपारी एक वाजता खाल्लेला भात आणि रात्री अकराला खाल्लेला तेवढाच भात रक्तातील साखर सारखी वाढवत नाही; रात्रीची वाढ जास्त असते आणि ती अधिक वेळ टिकते. जेवून लगेच आडवे झाल्यास जठरातील आम्ल वर येते आणि ‘पित्त झाले’ म्हणून ज्याकडे आपण दुर्लक्ष करतो, तो त्रास रोजचा होऊन बसतो. झोप अपुरी झाली की भूक वाढवणारे संप्रेरक वाढते, पोट भरल्याची सूचना देणारे घटते आणि दुसऱ्या दिवशी मन तळलेल्या व गोड पदार्थांकडे ओढ घेते. गाढ झोपेत रक्तदाब खाली उतरतो. ही विश्रांती वर्षानुवर्षे तुटपुंजी राहिली, तर तो दिवसाही चढा राहण्याचा धोका वाढतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या सुमारे १०.१ कोटी, म्हणजे प्रौढांच्या ११.४ टक्के, आणि उच्च रक्तदाबाचे प्रमाण ३५.५ टक्के आढळले. शहरांत ही दोन्ही प्रमाणे ग्रामीण भागापेक्षा अधिक होती. या आजारांना आनुवंशिकता, आहार, बैठे काम अशी अनेक कारणे आहेत आणि सगळे खापर उशिरा झोपण्यावर फोडणे योग्य होणार नाही. तरीही बाकीच्या सवयी सुधारण्याची उमेद दुसऱ्या दिवशी अंगात असेल की नाही, हे आदल्या रात्रीवरच ठरते, म्हणून मी तिला पहिले स्थान देतो.

प्रथम रात्रीच्या जेवणाविषयी. मुंबईतल्या नोकरदाराचा दुपारचा डबा एक-दीड वाजता संपतो. त्यानंतर चार-साडेचारला चहा आणि दोन बिस्किटे, आणि मग थेट स्टेशनबाहेरचा वडापाव किंवा घरी पोहोचल्यावरचे ताट. आठ-नऊ तास पोटात धड काही नसलेला माणूस रात्री साडेदहाला ताटावर बसला की त्याने हात आखडता घ्यावा, ही अपेक्षा अवाजवी आहे. शिवाय दिवसभरात गरम जेवण आणि घरातल्या माणसांची संगत त्याला तेव्हाच मिळते. त्यामुळे ‘रात्री कमी जेवा’ असे सांगण्यापेक्षा संध्याकाळी सहाच्या सुमारास, कार्यालयातून निघण्यापूर्वी, काहीतरी सकस खा, असे सांगणे अधिक उपयोगाचे ठरते. आमच्या परिचयातील काही जण दुसरा छोटा डबा नेतात. त्यात भाजलेले चणे-शेंगदाणे, मोड आलेले मूग, एखादे केळे किंवा पेरू, कधी सकाळचे अर्धे थालीपीठ असते. पोटाला हा आधार मिळाला की रात्री भाकरी, भाजी आणि वाटीभर आमटी, किंवा मुगाची खिचडी आणि ताक एवढ्यावर भागते, आणि जेवण व झोप यांत दोन तासांचे अंतर राखणे शक्य होते. सात-आठ वाजताचे कटिंगही यानिमित्ताने सुटले तर बरे, कारण चहा-कॉफीतील कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायलाच साधारण पाच तास लागतात.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. हा दुसरा डबा घरातल्या बाईच्या डोक्यावर आणखी एक काम म्हणून येऊन पडणार असेल, तर त्याला आरोग्याची सवय म्हणता येणार नाही. तीही बहुधा त्याच गर्दीतून, लेडीज डब्यात भाजी निवडत घरी आलेली असते. चण्यांची पुडी डब्यात भरायला स्वयंपाक यावा लागत नाही. ज्याचा डबा त्याने भरावा.

मिठाबद्दल थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा, एवढी मर्यादा सांगितली आहे. पापड, लोणचे, फरसाण आणि वडापावाबरोबरची मीठ लावलेली मिरची यांनीच ती पुरी होत येते. ताटात डावीकडे मीठ वाढण्याची आपली पद्धत देखणी आहे, पण वाढलेले मीठ संपवलेच पाहिजे असा नियम नाही.

जेवणानंतरच्या शतपावलीकडे मात्र आपण विनाकारण आजीबाईंची गोष्ट म्हणून पाहतो. चालताना पायांचे मोठे स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते रक्तातील साखर इन्सुलिनच्या मदतीवाचूनही ओढून घेऊ शकतात, आणि म्हणूनच जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालल्याने जेवणामुळे चढणारी साखर कमी चढते. हल्ली मनगटावरच्या घड्याळात दहा हजार पावले झाली नाहीत की अनेकांना अपराधी वाटते. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावामुळे रूढ झाला, एखाद्या वैद्यकीय प्रयोगातून नव्हे. वयस्कर स्त्रियांवरील २०१९ च्या एका अमेरिकी अभ्यासात तर साडेसात हजार पावलांच्या आसपास फायदा स्थिरावत असल्याचे दिसले. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे आणि ती दिवसाला वीस-बावीस मिनिटांवर येते. स्टेशनपर्यंत भरभर चालत जाणारा मुंबईकर यातला बराच भाग नकळत पूर्ण करत असतो. रिक्षाच्या रांगेत पंधरा मिनिटे उभे राहून एक किलोमीटर अंतर कापणाऱ्याला मात्र ही सवलत मिळत नाही.

पण चालायचे कुठे? पदपथावर दुकानांचा माल, दुचाकी आणि खोदकाम, उद्यानांना रात्री कुलूप, रस्त्यावर वाहने. आम्ही राहतो त्या वसाहतीत जुन्या तीन-चार मजली इमारतींना लिफ्ट नव्हती आणि सत्तरीतल्या बायकाही दळणाचे डबे घेऊन जिने चढत असत. पुनर्विकासानंतर उंच इमारती आल्या, लिफ्ट आली, आणि जिन्यात आता चपलांचे स्टँड, जुन्या सायकली व तुळशीच्या कुंड्या असतात. लिफ्ट ही म्हाताऱ्या आणि आजारी माणसांसाठी मोठीच सोय आहे, तिची निंदा करण्याचा हेतू नाही; पण दुसऱ्या मजल्यावर जाणाऱ्या धडधाकट माणसाने जिना वापरावा, आणि त्यासाठी संस्थेने तो मोकळा ठेवावा. आगीच्या वेळी तोच उपयोगी पडणार आहे.

गच्चीची कथाही सर्वत्र सारखीच आहे. पाण्याच्या टाक्या, चोरी, मुलांची सुरक्षितता अशी कारणे देऊन बहुतेक संस्था गच्चीला कुलूप लावतात आणि किल्ली वॉचमनकडे असते. आमच्या संस्थेचा मानद सचिव या नात्याने मी गच्ची रात्री आठ ते साडेदहा उघडी ठेवण्याचा विषय सर्वसाधारण सभेत मांडला, तेव्हा सर्वांत रास्त आक्षेप सर्वांत वरच्या मजल्यावरच्या सदस्यांनी घेतला. डोक्यावर पावलांची धपधप सुरू झाली की त्यांच्याच घरातली मुले झोपणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी मार्ग असा निघाला की खालच्या घरांची शयनगृहे जिथे येतात तो भाग सोडून, कठड्याच्या आतल्या बाजूने पिवळ्या रंगाचा पट्टा मारायचा आणि त्या पट्ट्यावरूनच चालायचे. पायांत रबरी तळव्याच्या चपला, फोनचा स्पीकर बंद, वाढदिवसाचे केक वर आणायचे नाहीत. काही सदस्य अजूनही कुरकुर करतात. पण रात्री नऊनंतर तिथे तीन पिढ्या चालताना दिसतात, आणि ज्यांचे गेली अनेक वर्षे केवळ पार्किंगवरून बोलणे झाले होते, असे दोन शेजारी एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतात. या कामासाठी लागलेला खर्च म्हणजे रंगाचा एक डबा.

आता झोपेकडे वळतो. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी, शाळकरी मुलांना त्याहून अधिक. निजताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, असा सल्ला नेहमी दिला जातो. वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या पाच माणसांनी ती दुसरी खोली आणायची कुठून? ज्या खोलीत आजोबा बातम्या पाहतात, तिथेच नातवाचे अंथरूण पडते, आणि स्वयंपाकघरात ओटा पुसून होईपर्यंत तिथे कोणी निजू शकत नाही. अशा घरात झोपेची सवय व्यक्तीची नसते, कुटुंबाची असते. म्हणून दिवा आणि टीव्ही किती वाजता बंद करायचा, हे भाड्याच्या किंवा शाळेच्या फीच्या निर्णयाप्रमाणे घरातल्या सर्वांनी बसून ठरवले पाहिजे, आणि ठरलेली वेळ कमावत्या पुरुषानेही पाळली पाहिजे. फोन चार्जिंगला लावण्यासाठी देवघराशेजारी किंवा फ्रिजवर एकच जागा ठरवली, तरी अंधारात पालथे पडून रील्स पाहण्याचा तास-दीड तास वाचतो. त्या पडद्याचा प्रकाश झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाला रोखतो, आणि त्यावरचा मजकूर मनाला त्याहूनही जास्त जागे ठेवतो.

या सगळ्यात सर्वांत कमी झोप कोणाला मिळते, हे निराळे सांगायला नको. शहराच्या अनेक भागांत महापालिकेचे पाणी पहाटे ठराविक वेळेत येते. त्या वेळी उठून पिंप भरणारी आणि रात्री शेवटचे भांडे विसळून निजणारी व्यक्ती बहुतेक घरांत एकच असते. पाणी भरण्याची पाळी लावणे हे तिच्या रक्तदाबासाठी एखाद्या योगशिबिराहून अधिक गुणकारी ठरेल, असे माझे मत आहे.

मुलांच्या झोपेचा प्रश्न राज्य शासनानेही मान्य केला आहे. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये बदललेल्या झोपेच्या वेळांकडे लक्ष वेधून शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला. हेतू चांगला आहे. पण दोन सत्रांत चालणाऱ्या मुंबईतल्या शाळांना तो किती पेलतो, हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी सकाळ पुढे ढकलल्याने रात्र आपोआप आटोपती होत नाही. शाळा नऊला भरणार म्हणून मूल साडेबारापर्यंत जागले, तर हाती काहीच लागत नाही.

घरात दिवा मालवला तरी बाहेरचा आवाज मालवता येत नाही. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ हा रात्रीचा काळ आहे आणि निवासी भागात तेव्हा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्याला आहे, आणि गणेशोत्सव व नवरात्रात ती मिळावी याबद्दल माझी तक्रार नाही. मीही आरतीला जातो. तक्रार आहे ती उरलेल्या साडेतीनशे रात्रींबद्दल, जेव्हा लग्नाची वरात, बांधकामाच्या जागेवर काँक्रीट घेऊन येणारी वाहने आणि मागे येताना किंचाळणारे डंपर यांना वेळेचे भान नसते. रस्त्यापलीकडच्या रुग्णालाही झोप हवी असते, हे वेगळे सांगावे लागू नये.

कामाच्या ठिकाणांची जबाबदारीही तितकीच मोठी आहे. रात्री अकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘उद्या सकाळी लागेल’ असा निरोप टाकणारा वरिष्ठ दहा घरांतली झोप उडवतो. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्कातून मुक्त राहण्याच्या अधिकाराची तरतूद १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी अशाच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले, त्याचा कायदा झालेला नाही. कायद्याची वाट न पाहताही काही करता येते, याचे उदाहरण याच शहरात आहे. २०१६ मध्ये, दत्ता पडसलगीकर पोलीस आयुक्त असताना, दलातल्याच एका कर्मचाऱ्याने मांडलेल्या वेळापत्रकावरून देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला आणि पुढे तो इतर ठाण्यांतही नेण्यात आला. बारा-बारा तास उभ्याने काम करणाऱ्या माणसाला आहार-विहाराची व्याख्याने देण्यापेक्षा त्याचे चार तास त्याला परत देणे केव्हाही प्रामाणिकपणाचे आहे. रात्रपाळीच्या परिचारिका, बेस्टचे चालक-वाहक आणि सुरक्षारक्षक यांना तर वरचे पुष्कळसे लागूच पडत नाही. त्यांच्यासाठी पाळी आठवड्याला न बदलणे, आणि दिवसा झोपताना खोली अंधारी राहील व शेजारी बेल वाजवणार नाहीत एवढी सोय होणे, यांनीच बराच फरक पडेल.

मनाच्या आरोग्याविषयी स्वतंत्र प्रवचन मला करायचे नाही, कारण झोप, जेवण आणि चालणे यांपासून ते वेगळे काढता येत नाही. तरी एका हरवत चाललेल्या सवयीचा उल्लेख करतो. लोकलमध्ये ठरलेल्या डब्यात ठरलेला ग्रुप असे. टाळ घेऊन चढणारी भजनी मंडळे असत, दसऱ्याच्या आधी डब्याला तोरण लागत असे, चौथ्या सीटवरून भांडणे होत आणि दुसऱ्या दिवशी मिटतही. हे सर्व अजून संपलेले नाही, पण कानांतल्या हेडफोनने ते आक्रसले आहे. दिवसाचे दोन-तीन तास आपण माणसांना खेटून आणि एकटे असे काढतो. अंधेरीतल्या एका उद्यानात १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी मोजक्या चार-पाच जणांसह हास्य क्लब सुरू केला आणि ती कल्पना जगभर गेली. मुद्दाम हसण्याने किती लाभ होतो यावर मतभेद असू शकतात. मला त्यातले मोलाचे वाटते ते हे, की एखादा सदस्य दोन दिवस आला नाही तर त्याच्या घरी फोन जातो.

मात्र गप्पा आणि शतपावली यांना औषधाची जागा देऊ नये. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुसंख्य उपचारांपासून दूर होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, नेहमीच्या गोष्टींत रस वाटत नसेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ‘मन खंबीर कर’ असे सांगून वेळ घालवू नये. केंद्र शासनाची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. रक्तदाब व साखर तपासण्यासाठी महापालिकेचे दवाखाने आहेत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, काही त्रास नसला तरी, वर्षातून एकदा तिथे जाऊन यावे.

आपणास एक विनंती आहे. आपल्या रविवारच्या अंकात मेगाब्लॉकचे वेळापत्रक ठरावीक चौकटीत येते आणि घरोघरी ते आधी शोधले जाते. त्याच चौकटीखाली एका ओळीत १४४१६ हा क्रमांक, आणि रात्री दहानंतरच्या गोंगाटाची तक्रार कोठे करावी त्याचा क्रमांक, दर आठवड्याला छापता आला तर पाहावे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव
विक्रोळी (पूर्व), मुंबई